घरातील सर्वांनी, एकाच रात्री

त्या फॉर्मचा मजकूर माझा होता. अर्धं पान, चार रकाने: घरातील व्यक्तीचं नाव, नातं, औषध लावल्याचा वार, सही. वर एक वाक्य होतं. 'घरातील सर्वांनी एकाच रात्री औषध लावल्याची खात्री झाल्याशिवाय विद्यार्थ्यास वर्गात बसता येणार नाही.' हे वाक्य लिहायला पाच मिनिटंही लागली नसतील.

मी तेव्हा एका दैनिकाच्या भिवंडी कार्यालयात वार्ताहर होतो. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. शनिवारच्या पुरवणीत शाळांचं एक पान निघायचं आणि ते भरण्यासाठी दर महिन्याला एका शाळेत कार्यक्रम घ्यायचा, अशी वरून सूचना होती. वृक्षारोपण झालं होतं, रस्त्यावरची सुरक्षा झाली होती, हस्ताक्षर स्पर्धा दोनदा झाली होती. जानेवारीत टेमघरच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"तुमचं ते झाडबिड नको आता," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला लावलेलं एकही जगलं नाही. कोणी कातडीचा डॉक्टर मिळतो का बघा. माझी पाचवी ते सातवी नुसती खाजवतेय. फळ्याकडे बघायचं सोडून बोटांच्या बेचक्यात बघत बसतात."

शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाई तयार झाल्या. सकाळचा दवाखाना आटोपून त्या येणार आणि संध्याकाळच्या दवाखान्याआधी परतणार होत्या. अडचण जागेची होती. शाळेच्या सभागृहाला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना होता आणि मधली भिंत एकच होती. लूम चालू असताना त्या सभागृहात माईक लावूनही काही ऐकू जात नसे. म्हणून शाळेत कविता-पाठांतर, तोंडी परीक्षा, पाहुण्यांचं भाषण हे सगळं भारनियमनाच्या वेळेत ठेवायची पद्धत होती. वीज गेली की लूम थांबायचे आणि माणसाचा आवाज पोचायचा. आमचाही कार्यक्रम दुपारी वीज जाण्याच्या वेळेवर ठेवला. पंखे नाहीत, माईक नाही, पण शांतता मिळणार होती.

आदल्या दिवशी मुलांकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले होते. डबा उघडला तेव्हा निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न निघाला: गोरं होण्यासाठी काय लावावं. डॉक्टरबाईंनी त्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "रंग लावायचं काम रंगाऱ्याचं," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे." मुलं हसली. पाचवीतल्या एका मुलाने उठून विचारलं, "मग टीव्हीवर सात दिवसांत कशी होते?" त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडावर लाइट मारतात. तुझ्या तोंडावर मारला तर तूही होशील." आणखी एका चिठ्ठीवर होतं: 'अंगाला रुई लागली की खाजते. आंघोळ केली तरी परत लागते. उपाय सांगा.' लूमवर उडणाऱ्या कापसाच्या तंतूंना तिथे रुई म्हणतात. ही चिठ्ठी सातवीतल्या एका मुलीची होती. अक्षर सुवाच्य होतं आणि खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी लिहिली होती. इतर कोणीही नाव लिहिलं नव्हतं.

मुख्याध्यापिका माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही स्कॉलरशिपला बसलीय. या वर्षी माझ्या शाळेचं नाव यादीत आलं तर हिच्यामुळे येईल." सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा तीन-चार आठवड्यांवर होती. त्यासाठी शाळा भरण्याआधी एक जादा तास व्हायचा. मुलगी त्या तासाला कधी चुकत नसे, असं बाईंनी सांगितलं.

डॉक्टरबाईंनी हात धुणं, नखं, टॉवेल, ओले कपडे असं क्रमाने सांगितलं. मग त्या खरजेवर आल्या. मानेपासून तळपायापर्यंत औषध लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात काढून उन्हात घालायचं. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानेही. नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहील. मी हे लिहून घेतलं. एवढ्यात भिंतीपलीकडे लूम सुरू झाले. वीज वेळेआधी आली होती. डॉक्टरबाईंनी दोन वाक्यं ओरडून बोलून पाहिली, मग हात वर करून थांबल्या. भाषण तिथेच संपलं.

वेळ उरला होता म्हणून मुलांचे हात तपासायचं ठरलं. रांगेत उभे करा, ज्यांना आहे त्यांना डावीकडे घ्या, ही सूचना मी केली. असं केल्याने काम लवकर होईल आणि छायाचित्रही मिळेल, असा हिशेब होता. डावीकडे दहा-बारा मुलं जमली. त्यात ती स्कॉलरशिपवाली मुलगीही होती. तिने दोन्ही हात फ्रॉकच्या मागे धरले होते. शेजारची मुलगी तिच्यापासून अर्धा पाऊल सरकली. डॉक्टरबाईंनी शाळेकडे औषधाच्या बाटल्या दिल्या आणि घड्याळ बघत त्या निघाल्या. लूम चालूच होते. निरोपही हातवाऱ्यांनी झाला.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत शाळा समितीचे एक सदस्य येऊन बसले होते. शेलार गावाकडचे, जमिनी गोदामांना दिलेले गृहस्थ. त्यांची मुलगी सातवीत होती.

"मॅडम, ही पोरं उद्या माझे पोरीच्या बाजूला बसनार काय?" ते म्हणाले. "लागला मंग? तिची परीक्षा हाय."

"बसणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण काहीतरी लेखी पाहिजे. पेपरवाले, तुम्ही लिहा ना. तुम्हाला नेमकं लिहिता येतं."

मी वहीतल्या टिपणांवरून तिथेच मजकूर तयार केला. मुलाने वर्गात कधी यावं याबद्दल वहीत काहीच नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, एवढं होतं. मी त्याचीच अट केली. डॉक्टरांना फोन करून विचारता आलं असतं. बातमीदारीत जे कळलेलं नाही ते विचारायचं, ही पहिली शिकवण असते, आणि मी ती तेव्हा नव्या वार्ताहरांनाही देत होतो. त्या दिवशी विचारलं नाही. मजकूर अर्ध्या पानात बसला, वाक्य स्पष्ट होतं, बाईंना आवडलं. झेरॉक्स काढून दहा-बारा मुलांच्या हाती दिले. शनिवारी पानावर चार कॉलमी बातमी आली. छायाचित्र उजवीकडच्या रांगेचं होतं.

सोमवारी फॉर्म परत आले. मंगळवारी मी फोन केला तेव्हा बाई खूश होत्या. सगळी मुलं वर्गात बसली, एक सोडून.

"कोण?"

"स्कॉलरशिपवाली. तुम्ही येऊन फॉर्म बघा, मग मला सांगा मी काय करू."

बाकीचे फॉर्म एकसारखे होते. सगळ्या रकान्यांत रविवार. सह्या बहुतेक एकाच हाताच्या. तीन फॉर्मांवर घरातल्या माणसांची नावंच नव्हती, नुसता वार आणि एक अंगठा होता. त्या मुलीचा फॉर्म मात्र पूर्ण भरलेला होता. आई: बुधवार. स्वतः: बुधवार. भाऊ: बुधवार. वडील: शुक्रवार. काका: रविवार. रकान्यात जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला आणखी दोन माणसं लिहिली होती, वडिलांच्या गावचे, लूमवर काम करणारे आणि त्याच खोलीत झोपणारे. त्यांच्यापुढे लिहिलं होतं: 'लावले नाही. भेटले नाहीत.' रकाने पूर्ण भरलेला तेवढा एकच फॉर्म होता.

"खोटं तरी लिहायचं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी लिहिलंच ना. आता हे माझ्या हातात लेखी आलंय. समितीच्या माणसाने बघितलंय. मी कसं घेऊ वर्गात?"

मुलगी व्हरांड्यात उभी होती. तिने मला विचारलं, "सर, सकाळचा स्कॉलरशिपचा तास पण नाही का? तिथे मी लांब बसते." मी म्हणालो, विचारतो. बाईंनी नाही म्हटलं. त्या तासालाही समिती सदस्याची मुलगी बसत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. टेमघरच्या मागच्या बाजूला लूमच्या कारखान्यांमधून एक बोळ जायचा आणि त्याच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. कुटुंब मूळचं दूरच्या आतल्या खेड्यातलं होतं, शेती थोडी, वडील भिवंडीला लूमवर आलेले. खोलीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आई दारात बसून बोलली.

"हे कोण?" मी विचारलं.

"ह्यो गाववाला. रातपाळी करून आलाय. ह्यो उठला की मुलीचे बाबा निजतील, त्यांची पन रातपाळीच हाय ह्या हप्त्याला. संध्याकाळी दोघं जातील मंग दुसरा येईल."

"अंथरूण एकच?"

"दोन हायेत. पन मानूस सात. रिकामं कवा ऱ्हातंय ते धुवायला? धुतलं तर वाळंपर्यंत निजायचं कुटं?"

मी विचारलं, सगळे एका रात्री घरी कधी असतात. तिने पायरीकडे बोट केलं. वडील नुकतेच येऊन पायरीवर तंबाखू मळत होते, त्यांनी उत्तर दिलं. लूमला सुट्टी शुक्रवारी. काका रात्री गोदामात माल चढवायला, त्याची सुट्टी रविवारी. शुक्रवारी काका घरी नाही, रविवारी वडील नाहीत. गाववाले तर पाळी उलटीसुलटी करतात.

"एक रात्र खाडा केला तर?" मी म्हणालो.

"दादा, खाडा केला तर माझ्या लूमवर दुसरा उभा ऱ्हातो. मंग तो काय हटत न्हाय." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "औषध लावून कामावर बी गेलो मी एक रात. सगळी रुई अंगाला चिकटली. शेठ बोलला, अरे ये बकरा किधर से आया. सगळे हसले लूमवरचे." तेही हसले. मग म्हणाले, "सगळे येक रात येका जागी म्हंजे शिमग्याला. शिमग्याला गावाला जातो तवा. त्याच्या आधी न्हाय."

शिमगा परीक्षेनंतर होता.

मी आईला म्हणालो, दुसरा फॉर्म देतो, रविवार लिहा आणि सही करा. शब्द माझेच होते आणि मी ते सहज बोललो. आईने मुलीकडे पाहिलं, कारण लिहायचं तिला होतं. मुलगी म्हणाली, "पण बाईंनी वाचलाय पहिला. आता रविवार लिहिलं तर खोटं आहे हे त्यांना कळेलच ना." मी कोरा फॉर्म परत वहीत ठेवला. तिचा मुद्दा बरोबर होता.

त्याच दुपारी मी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. रुग्णांची रांग रस्त्यापर्यंत होती. त्यांनी फॉर्म वाचला.

"हे मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी एकाच रात्री."

"ते परत होऊ नये म्हणून. शाळेत यायचं तर मुलाने एक रात्र औषध लावलं की पुरे, दुसऱ्या दिवशी येऊ दे. ते मी शेवटी सांगणार होते. लूम सुरू झाले, मी थांबले. तुम्ही फोन का नाही केला?"

त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मी ते पत्र घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुमचा फॉर्म चुकला."

"हो."

"आणि मी तो पालकांसमोर वाचून दाखवला." त्यांनी पत्र घडी करून हजेरीपटात ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून पाठवा तिला. समितीचं मी बघते."

ती गुरुवारी आली. सकाळच्या तासाला बसली, वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसली. मधले आठ दिवस बुडाले होते, पण गणितात ती मागे नव्हती, असं तासाच्या शिक्षकांनी मला नंतर सांगितलं. शुक्रवार झाला, शनिवार झाला. सोमवारी बोटांच्या बेचक्यात नवे पुरळ आले होते. मंगळवारी मनगटावर होते. औषध तिने लावलं होतं, आईने लावलं होतं. अंथरुणावर तिच्या आधी आणि तिच्या नंतर जे झोपत होते त्यांनी लावलं नव्हतं. डॉक्टरांनी भाषणात सांगितलं होतं तसंच घडत होतं. बुधवारी समिती सदस्य शाळेत आले. त्यांच्या मुलीच्याही हाताला खाज सुटली होती. ती कोणाकडून आली हे सांगता येण्यासारखं नव्हतं. खोटे फॉर्म भरलेली दहा-बारा मुलं वर्गात बसतच होती आणि त्यांतली काही खाजवतही होती. पण लेखी एकीचंच होतं.

"बघा मॅडम," ते म्हणाले. "डॉक्टरचा कागद आनला तरी काय झाला?"

बाईंनी मुलीला घरी पाठवलं. मी तेव्हा त्या खोलीत होतो. मी म्हणालो की बाकीच्यांचेही हात तपासा. बाई म्हणाल्या, "तपासले तर वर्ग रिकामा करावा लागेल. परीक्षा तोंडावर आहे. एकीवर भागतंय." हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. त्या कष्टाळू बाई होत्या आणि मुलीचं नुकसान त्यांना कळत होतं. मी त्यावर बातमी लिहिली नाही. लिहिली असती तर पहिल्या परिच्छेदात फॉर्म आला असता.

परीक्षेचं प्रवेशपत्र तिच्या घरी पोचवण्याचं काम मी मागून घेतलं. घरी कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मायलेकी कांडी भरायला गेल्यात. लूमच्या धोट्यात घालायच्या छोट्या नळीवर सूत गुंडाळायचं, त्याला कांडी भरणं म्हणतात. हे काम बहुतेक बायका करतात. मी कारखान्यात गेलो. आई यंत्रापाशी बसली होती, मुलगी तिच्या पलीकडे. आवाजामुळे मला आईला बाहेर बोलवावं लागलं.

"घरी बसून काय करील ती," आई म्हणाली. "पुस्तक घेऊन बसली की निजलेल्यांना उजेड लागतो, ते वरडतात. म्हनून आनली सोबत. हात चालतो तिचा."

"परीक्षा रविवारी आहे. केंद्र इथेच शहरात आहे. बाई काही अडवणार नाहीत, तिथे थेट जायचं."

"रविवारी इकडं काम असतं." मग तिने माझ्या हातातलं प्रवेशपत्र घेतलं आणि पदराला हात पुसून ते घडी करून ठेवलं. "बघते. तिला इचारते."

मुलगी आतून बघत होती. तिने ओळख दाखवली नाही, तोंडही फिरवलं नाही. तिच्या हातातली कांडी भरली तशी तिने ती काढली आणि दुसरी लावली.

रविवारी मी परीक्षा केंद्रावर होतो, कारण ती बातमी माझ्याकडे होती. बैठक क्रमांकांची यादी दारावर लावलेली होती. त्या शाळेची मुलं बाकांच्या दोन ओळींत बसली. एक बाक रिकामा राहिला. पहिला पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर पर्यवेक्षक फिरत आले, त्यांनी तक्त्यावर तिच्या क्रमांकापुढे लाल पेनने गैरहजर लिहिलं आणि कोरी प्रश्नपत्रिका उचलून नेली. मी दुसऱ्या पेपरपर्यंत थांबलो. मग कार्यालयात जाऊन बातमी दिली. यादीत शाळेचं नाव त्या वर्षी आलं नाही.

शिमग्यानंतर मी पुन्हा त्या बाजूला गेलो. गावाला सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावलं होतं. अंथरुणं नदीवर धुतली होती. खाज गेली होती, वडिलांचीसुद्धा. आईने मुलीचा हात धरून माझ्यासमोर केला. बोटांच्या मधली कातडी स्वच्छ होती, टोकं मात्र सुताने कापली गेली होती.

"मग आता शाळेत पाठवा," मी म्हणालो. "वार्षिक परीक्षा अजून व्हायचीय. बाई घेतील."

"आता कुटं," आई म्हणाली. "शेठनी तिला येक मशीन दिलीय."

मुलीने मला विचारलं, "सर, सातवी अर्धी झाली असेल तर दाखल्यावर सहावी लिहितात की सातवी?"

मला माहीत नव्हतं. मी शाळेत जाऊन विचारलं. सहावी लिहितात, असं बाईंनी सांगितलं. ते मी तिला कळवलं नाही.